देवीला सोडलेलं अंडं आणि पिवळ्या तापाची सुई

कुडाच्या भिंतीचं एक बरं असतं, पलीकडचं भांडण ऐकायला कान लावावा लागत नाही. आवडी चुलीपाशी बसली होती, मांडीवर वर्षाची सारिका, आणि भिंतीपलीकडे पडवीत नवरा आणि सासू यांची जुंपली होती. भांडण मांडीवरच्या पोरीचंच होतं. पोरीला हगवण लागली होती, डोळे खोल गेले होते, रडायची पण डोळ्यांत पाणी यायचं नाही.

नवरा, म्हणजे मुरारी, म्हणत होता की पोरीला आत्ताच्या आत्ता महाडला डॉक्टरकडे न्यायची. सासू म्हणत होती की काळकाईचा अंगारा लावलाय, देवीला तिचं काम करू दे. देवीच्या कामात डॉक्टर घुसवला की दोघंही हात काढून घेतात, असं तिचं म्हणणं.

"म्हाडच्या रस्त्यावर तुझी देवी आडवी पडलीय काय गो?" मुरारीचा आवाज चढला.

"आडवं तुझ्या बायकोचं तोंड पडलं. अंगावर पाजती पोर, आणि परवा अंडं खाऊन बसली. इचार तिला."

आवडी बसल्या जागी गार झाली. अंडं तिने खाल्लं होतं, हे खरं. त्या घरचा रिवाज असा, की धड अंडी बाजारात जायची, पाव्हण्याला जायची, उरलं तर पुरुषांना. सुनेच्या वाट्याला यायचं ते फुटकं. आवडीला अंड्याची भारी हौस, त्यामुळे खुराड्यात हात घालताना तिचा हात कधी कधी जरा जास्तच घाई करायचा, आता त्याला कोण काय करणार. पण पोरीचे ते खोल गेलेले डोळे बघितले आणि तिला सासूचं बोलणं पटलं. पडवीत दोघं अजून भांडतच होती. आवडीने पोरीच्या कपाळावर हात ठेवला, डोळे मिटले आणि मनातल्या मनात बोलली, बाय काळकाई, पोर राहू दे, अंडं सोडलं.

मुरारी आईचं न ऐकता पोरीला खांद्यावर टाकून डोंगर उतरला. महाडला सलाइन लागलं, पोर तरली. मुरारी पुढे जन्मभर बाटलीचे गुण गायचा, सासू अंगाऱ्याचे, आणि त्यावरून दोघांची पुन्हा पुन्हा जुंपायची. अंड्याची गोष्ट आवडीने कुणालाच सांगितली नाही. सोडलेलं बोलून दाखवलं की त्याची धार जाते, असं तिच्या आईने तिला सांगितलं होतं.

आणि नशीब बघा, पुढे अंडंच तिचा धंदा झालं.

सासू गेली, कोंबड्या आवडीच्या ताब्यात आल्या. आंबेनळी घाटाच्या कुशीतली ती वाडी, शेत म्हणाल तर उताराची नाचणी आणि थोडं भात. पण आवडीचा हात कोंबड्यांना लाभायचा. कुठली खुडूक बसवायची, कुठलीला पाण्यात बुचकळून पुन्हा अंड्यावर आणायची, हे ती कोंबडीच्या मानेवरून ओळखायची. मुंगूस आलं की कोंबड्यांच्या आधी तिला कळायचं. टोपलीत भाताचं तूस पसरून त्यात अंडी पुरायची, डोक्यावर घ्यायची आणि एस्टीने पोलादपूर, तिथून महाड. पुढच्या सीटवर टोपली मांडीवर घेऊन बसायची, कुणाचा धक्का लागला की त्याच्याकडे असं बघायची, की तो माणूस पुढच्या थांब्यावर उतरूनच जावा. पोलादपूरपासून महाडपर्यंत तिला सगळे अंडीवाली आवडी म्हणून ओळखत. गिऱ्हाइकाच्या दारात बसून एकेक अंडं उन्हाला धरून दाखवायची, आत डाग दिसला तर स्वतःच बाजूला काढायची.

कुणी विचारलं, आवडीबाई, चवीला कशी आहेत हो, तर म्हणायची, "लोक चांगली म्हणतात."

घरात अंड्याचा रस्सा व्हायचा तेव्हा मीठ बघायला मुरारी. आईला अंड्याचा वास सोसत नाही, असं पोरांनी आपापलं ठरवून टाकलं. आवडीने त्यांचं ठरलेलं मोडलं नाही.

पोरं मोठी झाली. किशोर मुंबईला नोकरीला लागला, शर्मिला नावाची सून आली, बरी आली. सारिकाचं लग्न झालं आणि जावई कंपनीतून नैरोबीला गेला, तसा तिलाही घेऊन गेला. तिथेच तिला मुलगा झाला, घर झालं. सारिका दोन-तीन वर्षांनी गणपतीला यायची, आल्यावर चार दिवस वाडीत आणि बाकीचे सासरी. फोनवर घर दाखवायची, पण तिचा हात हलायचा आणि आवडीला दिसायचं ते निम्मं छप्पर आणि निम्मं सारिकाचं नाक. मुरारीला फार होतं एकदा पोरीचं घर बघून यायचं. परसात केळ लावलीय म्हणते, आपली केळ तिकडच्या मातीत कशी येते बघू, म्हणायचा. ते राहिलं. दोन वर्षांमागे मुरारी बसल्या जागी गेला.

तेव्हापासून सारिकाने धोशाच लावला, आई, बाबांचं राहिलं, तुझं राहू देऊ नको. सुट्टीला ये, महिनाभर राहा, सिंह दाखवते. सिंहाचं आवडीला काही नव्हतं. मुंगसाने काय कमी छळलं होतं. पण त्या घराच्या उंबऱ्यावर एकदा पाय ठेवायचा, चूल बघायची, पोरगी कुठे उभी राहून भाकरी थापते ते बघायचं, एवढं तिच्या मनाने घेतलं. जावयाने तिकीट काढलं. किशोरने धावपळ करून पासपोर्ट केला.

मग कळलं की नुसतं तिकीट काढून तिकडे जाता येत नाही. त्या देशात डासांपासून पिवळा ताप येतो, त्याची लस टोचून घ्यायची, प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी, आणि टोचल्याचं पिवळं कार्ड जवळ ठेवायचं. कार्ड नसेल तर परत येताना विमानतळावरच अडकवून ठेवतात. साठीच्या पुढच्या माणसाला आधी डॉक्टरने तपासून तब्येत बरी आहे म्हणावं लागतं. महाडच्या डॉक्टरने प्रेशर बघितलं, साखर बघितली आणि सांगितलं, बाई ठणठणीत आहे, फक्त चहा कमी करा. शेवटचं वाक्य आवडीला ऐकू आलं नाही.

मुंबईला किशोर तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. लस देणारी डॉक्टरीण तरुण होती, बोलायला गोड. आधी कुठली औषधं चालू आहेत, मोठं आजारपण झालंय का, असं एकेक विचारत गेली. मग म्हणाली, आजी, अंडं खाऊन कधी अंगावर पित्त उठलं, घसा सुजला, असं झालंय का?

आवडी म्हणाली की तसं काही झालं नाही, पण अंडं खाऊन जमाना झाला.

डॉक्टरणीने विचारलं, का बरं? आणि आवडी, जिने नवऱ्याला सांगितलं नाही, सासूला सांगितलं नाही, ती त्या परक्या पोरीसमोर सगळं सांगून मोकळी झाली. डॉक्टरला खोटं सांगू नये, असं किशोरनेच बजावलं होतं. किशोर शेजारी बसून आ वासून ऐकत होता.

"पूर्वी खात होतात आणि काही झालं नाही, मग हरकत नाही," डॉक्टरीण म्हणाली. "या, दंड मोकळा करा."

आवडीने पदर सावरला आणि सहज विचारलं, की बाय, तू अंड्याचं कशाला इचारलंस?

डॉक्टरणीनेही सरळपणाने सांगितलं, की ही लस कोंबडीच्या अंड्यात वाढवतात. म्हणून ज्यांना अंडं बाधतं त्यांना आम्ही देत नाही.

आवडी उठून उभी राहिली.

तिथे काय झालं ते किशोर पुढे कितीतरी दिवस शर्मिलाला सांगायचा. आई हलेना. लोक मागे रांगेत. तो आधी समजावून बघत होता, मग चिडला, मग आईच्या कानाशी लागून म्हणाला, की सांग आता पित्त उठतं म्हणून, लस घेता येत नाही असं पत्र देतात, त्यावर भागतं का बघू.

"देवीसाठी सोडलं," आवडी म्हणाली, "आणि आता सांगू पित्तासाठी सोडलं? तिनं ऐकलं तर?"

डॉक्टरीण रागावली नाही. बळजबरी नाही आजी, म्हणाली. पण डास काही नवस बघून चावत नाही, आणि त्या तापावर औषध नाही, तेव्हा लस न घेता जाऊ मात्र नका. पुढच्या आठवड्यात लसीचा वार आहे, त्यानंतर तुमच्या तारखेला उशीर होईल. विचार करून या.

आवडी वाडीला परत आली. कोंबड्यांना दाणे टाकताना हात थांबायचा. तिच्या डोक्यात एकच घोळत होतं. अंडं सोडलं ते सारिकासाठी. सारिका चाळिशीला आली, धडधाकट आहे, म्हणजे देवी तिचा शब्द पाळतेय. आणि आपण आपला शब्द मोडून, अंगात अंडं टोचून घेऊन, त्याच पोरीच्या दारात उभं राहायचं? उद्या तिला काही झालं तर कुठल्या तोंडाने रडायचं? आणि नाही गेलं तर मुरारीचं राहिलं तसं आपलंही राहणार.

किशोरने हे सारिकाच्या कानावर घातलंच. तिचा फोन आला. आवडीला वाटलं, आता ही भांडेल, हट्ट करेल, मग आपल्याला कुणाला तरी शरण जाता येईल. पण सारिकाने आधी पोराला दुसऱ्या खोलीत पाठवलं. मग म्हणाली, "मला रोज उकडून द्यायचीस गो अंडं. आणि समोर बसून बघत राहायचीस." आणि मग म्हणाली, की नको येऊ आई, मनात असं घेऊन नको येऊ. मीच येईन पुढच्या गणपतीला.

भांडली असती तर बरं झालं असतं. आवडीने फोन ठेवला आणि तशीच देवळाकडे गेली.

काळकाईचा गुरव चांगू. वाडीत कुणाला पेच पडला की तो देवीला कौल लावायचा. देवीच्या अंगावर दोन्ही बाजूंना कळ्या चिकटवायच्या, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आवडीने नारळ पुढे ठेवला. चांगूने कळ्या भिजवल्या आणि विचारलं, काय इचारायचं, वयनी?

आवडीच्या जिभेवर प्रश्न आला आणि तिथेच थांबला. डावी पडली तर? देवीने एकदा नाही म्हटलं की मग सगळंच संपलं, पुढे बोलायची सोय नाही. ती म्हणाली, आज नुसता नारळच फोड, चांगू. दोन दिवसांनी पुन्हा गेली आणि पुन्हा नुसता नारळच फोडून आली. चांगूला खोबऱ्याची ददात राहिली नाही, पण तो काळजीत पडला.

मग तिचा महाडचा वार आला. काही झालं तरी गिऱ्हाइकांची अंडी चुकवायची नाहीत, ही तिची रीत. महाडात शमसुन्निसा म्हणून तिचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. नवऱ्याची सारी उमर कुवेतला गेली, ही पण तिकडे राहून आलेली. आता सून अमरीन बाळंतीण होऊन घरात, म्हणून अंडी नेहमीपेक्षा जास्त लागायची. आवडी तिला भाभी म्हणायची. दोघी एकमेकींच्या घरच्या सगळ्या भानगडी ओळखून होत्या.

आवडी परदेशी निघालीय हे कळल्यापासून शमसुन्निसा तिला दर खेपेला शिकवायची. नळाचं पाणी तोंडात घालू नको, दात घासायलाही बाटलीचंच. रस्त्यावर कापलेलं फळ खाऊ नको, आपल्या हाताने सोललेलं केळं चालेल. तिन्हीसांजेला पूर्ण हाताचं घालून बस. साखर-मिठाच्या पुड्या दुकानातून चार जास्त घे. हिवतापाच्या गोळ्या डॉक्टर देईल त्या तिथे बरं वाटलं म्हणून सोडू नको, येऊनही सांगेल तितके दिवस घे. त्या दिवशीही तिने तेच सुरू केलं, तर आवडीने टोपली उतरवली आणि सांगितलं, की भाभी, मी जात नाय.

सगळं ऐकून घेतल्यावर शमसुन्निसा जरा हसली. म्हणाली, की हा पेच आमच्यात दर रमजानला पडतो. रोजा धरलेला आणि डॉक्टर म्हणतो सुई घ्या. तिच्या सासऱ्यांनी एकदा हटून बसून ताप अंगावर काढायला घेतला, तेव्हा घरच्यांनी मौलवीसाहेबांना विचारलं होतं.

"काय म्हणले?" आवडीने विचारलं.

"म्हणले, औषधाची सुई दंडात जाते, घशातून जात नाय. सुई म्हणजे खाणं नव्हं. रोजा तुटत नाय."

आवडीला हे एकदम पटलं. आपण सोडलं ते काय? खाणं. जिभेची हौस सोडली. दंडाला कधी अंड्याची हौस होती? पण लगेच तिच्या मनात दुसरी शंका आली आणि ती बोलूनही दाखवली, "पण भाभी, मौलवीसाहेबांचा शब्द आमच्या काळकाईला चालंल का गो?"

शमसुन्निसाने चहाचा कप तिच्यापुढे सरकवला. "ते माझ्यानं नाय सांगवायचं. तुझी देवी, तू बघ. पण आईला कळतं गो आईचं."

आवडीने त्यावर दोन कप चहा घेतला, म्हणजे विचार पक्का व्हायला वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी ती देवळात गेली. चांगू कळ्या भिजवायला उठला, तर म्हणाली, "ठेव त्या. मी इचारायला नाय, सांगायला आलेय." त्याला जरा बाहेर उभं राहायला सांगितलं, पण देऊळ लहान, चांगूला सगळं ऐकू आलं, आणि त्याच्याकडून पुढे वाडीला.

आवडीने देवीला सांगितलं, की बाय, जिभेनं सोडलंय ते जिभेनं सोडलेलंच राहील, मरेस्तवर. सुई दंडात जाणार. पोरीचं घर बघायला जातेय, चैन करायला नाय. तरी तुला राग आलाच तर तो माझ्यावर काढ, पोरीकडे बघू नको, तिनं काय केलंय. आणि तुझं मन राहावं म्हणून, तिकडे असेन तोवर चहा सोडला. एवढं झाल्यावर ती नमस्कार करून उठली, दोन पावलं गेली आणि मागे वळून म्हणाली, "परत आल्यावर मात्र घेणार. ते आत्ताच सांगून ठेवते."

देवीवरची कळी पडली नाही, पडायला चिकटवलीच नव्हती.

लसीच्या वाराला किशोर तिला पुन्हा घेऊन गेला. डॉक्टरीण तीच होती, ओळखून हसली. आवडीने दंड मोकळा केला, मान फिरवली आणि ओठ असे आवळून धरले की गालाला खळगे पडले. डॉक्टरीण म्हणाली, आजी, घाबरू नका, सुई दंडाला आहे, तोंडाला नाही. आवडीने ओठ आणखी आवळले. सुई निघाली, कापूस लागला, बाकावर अर्धा तास बसवून ठेवलं, तरी तोंड मिटलेलंच. किशोरने पाणी दिलं तेव्हा कुठे उघडलं. म्हणाली, "आता देवीला माझ्याकडं बोट दाखवता येणार नाय."

चार दिवसांनी थोडं अंग मोडून आलं. असं होतं म्हणून डॉक्टरणीने आधीच सांगितलं होतं, तरी आवडीने त्याचा अर्थ आपल्या परीने लावला. देवीने एवढ्यावर भागवलं, म्हणाली, आणि हिशेब मिटला या आनंदात पेज पिऊन झोपली. त्यानंतर दोन दिवसांत पुन्हा खुराड्यापाशी उभी. सारिकाला फोन केला आणि एवढंच विचारलं, की घरात माझ्या मापाचा पाट हाय का, खुर्चीवर मला जेवण जात नाय. पलीकडून सारिका हसत होती की रडत होती, ते आवडीने विचारलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी तिचा महाडचा वार होता. किशोर घ्यायला आला होता, बॅगा बांधून दारात होत्या, शर्मिलाने पूर्ण हाताची पोलकी शिवून पाठवली होती, डास मारायचं मलम, गोळ्या, पुड्या सगळं एका पिशवीत. किशोर म्हणाला, आजच्या दिवस राहू दे आई, अंडी कुणाच्या तरी हाती पाठवू. आवडी म्हणाली की अंडी कुणाच्या हाती पाठवली तर त्यांचं काय होतं ते तुला माहीत नाय. पुढच्या आठवड्यापासून शेजारची आम्रपाली नेणार होती, तिला तूस कसं पसरायचं ते दोनदा दाखवून झालं होतं.

सकाळच्या एस्टीने ती निघाली. पोलादपूरला दोन घरं केली, महाडला उतरून पेठेतली करत करत दुपारी शमसुन्निसाच्या ओट्यावर टोपली उतरवली. अमरीन बाळाला खांद्यावर घेऊन आली. आवडीने पदराने हात पुसले आणि तुसातून एकेक अंडं काढून उन्हाला धरलं, फिरवलं, मग पातेल्यात ठेवलं. एकात डाग वाटला, ते बाजूला काढलं. शमसुन्निसाने चहा आणला. आवडीने बशीत ओतून फुंकून घेतला, मग म्हणाली, अजून अर्धा असेल तर आण. बाळाच्या टाळूला तेल कमी पडतंय, म्हणून अमरीनला बोलली. बाजूला काढलेलं अंडं तुसात परत पुरलं, टोपली डोक्यावर घेतली आणि पोलादपूरची गाडी चुकू नये म्हणून स्टँडकडे भराभर चालू लागली.